भाकरीच्या दिवशीच तो का किंचाळतो? ऑटिझम आणि वर्तनोपचाराची पहिली वही

आमच्या इचलकरंजीत दिवसभर मागांचा खडखडाट चालू असतो. आमची गल्ली तर कारखान्यांना भिंत लागूनच आहे. माझ्या मुलाला त्या आवाजाचं कधीच काही वाटलं नाही. पण तो साडेतीन वर्षांचा असताना संध्याकाळी सातच्या सुमारास किंचाळायला लागायचा, मनगट चावायचा, कधी कधी डोकं फरशीवर आपटायचा. रोज नाही, आठवड्यातून चार-पाच दिवस. शेजारच्या म्हणायच्या, दृष्ट काढा. नातेवाईक म्हणायचे, लाडावलाय. सासूबाई हातातलं काम टाकून त्याला उचलायच्या, अंगणात न्यायच्या, आणि पाच मिनिटांत तो शांत व्हायचा.

त्याला ऑटिझम आहे हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. वर्तनोपचारासाठी ज्या मॅडमकडे आम्ही जायला लागलो, त्यांनी पहिल्या दिवशी उपाय सांगितलाच नाही. एक दोनशेपानी वही घ्या म्हणाल्या. पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात, हे सुरू व्हायच्या आधी घरात काय चाललं होतं. दुसऱ्यात, त्याने नेमकं काय केलं. तिसऱ्यात, त्यानंतर लगेच काय झालं आणि कोणी काय केलं. "चिडला", "हट्ट केला" असं लिहायचं नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जे दिसलं असतं तेवढंच लिहायचं. आठ दिवस.

नवव्या दिवशी मी ती पानं एका दमात वाचली. पहिल्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला होता: भाकरी. पोळ्या असतील त्या दिवशी काही नाही. सासूबाई काटवटीत भाकरी थापायला बसल्या की सुरू. मागाचा आवाज मोठा असला तरी एकसारखा असतो, त्याची सवय होते. भाकरीची थाप अगदी कानाशी, अचानक, कधी सुरू होईल आणि कधी थांबेल याचा पत्ता नाही. बरं, तिसऱ्या रकान्यात काय होतं? प्रत्येक वेळी भाकरी थांबली होती. चावलं की थाप थांबते, हे तो शिकला होता. आणि ते शिकवणारे आम्हीच होतो, अगदी मायेने.

वर्तनोपचार म्हणजे काय हे मला कोणी विचारलं, तर मी अजून त्या वहीपासूनच सांगायला सुरुवात करते.

वागण्यामागचं काम

वर्तनोपचाराचा पाया एका साध्या निरीक्षणावर आहे. जे वागणं उपयोगी पडतं, ते माणूस पुन्हा करतो. इंग्रजीत या शास्त्राला अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस म्हणतात. सेंटरमध्ये सगळे 'एबीए' म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून ही विचारसरणी वाढली आणि १९६८ पासून तिचं स्वतःचं नियतकालिक निघतं आहे. आधी–वागणं–नंतर ही तीन रकान्यांची पद्धत त्यातलीच.

मूल असं का वागतं याची उत्तरं बहुतेक वेळा चारांपैकी एखादं, किंवा दोन-तीन मिळून असतात. त्याला काहीतरी हवं असतं. किंवा काहीतरी नको असतं आणि त्यातून सुटायचं असतं. किंवा कोणीतरी आपल्याकडे बघावं असं वाटत असतं. किंवा त्या कृतीनेच शरीराला बरं वाटत असतं, मग समोर कोणी असो नसो. बाहेरून दिसणारी कृती एकच असू शकते. चार मुलं चारही वेगळ्या कारणांनी मनगट चावत असतात आणि चौघांचा उपाय वेगळा असतो. म्हणून "चावणं कसं थांबवू?" या प्रश्नाला कोणी फोनवर दोन मिनिटांत उत्तर दिलं, तर ते ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आमच्या घरी उपाय तीन जागी झाला. थापायच्या आधी: काटवटीखाली गोधडीची जाड घडी, आणि पिठाचा डबा त्याला दाखवून "आता थाप-थाप" असं सांगणं, म्हणजे आवाज अचानक येणार नाही. वागण्याच्या जागी: अंगणाच्या फाटकाचा एक फोटो काढून त्याचं कार्ड केलं. ते कार्ड हातात दिलं की बाहेर. सुरुवातीला त्याने कानावर हात ठेवताक्षणी मी मागून त्याचा हात धरून कार्ड आजीच्या हातात द्यायला लावायचे, आणि सासूबाई लगेच, त्याच सेकंदाला, "बाहेर!" म्हणून उठायच्या. नंतरच्या जागी: चावलं तर आरडाओरडा नाही, ओढाताण नाही, हात शांतपणे अडवायचा, कार्डाकडे न्यायचा, मग बाहेर. कार्डाचा रस्ता चावण्यापेक्षा जवळचा झाला पाहिजे, एवढंच सूत्र.

अठराव्या दिवशी तो स्वतः कार्ड घेऊन आला. पुढे हळूहळू "दोन भाकऱ्या झाल्या की बाहेर" इथपर्यंत पोचलो.

हे काही आमच्या मॅडमचं गुपित नव्हे. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्यूरँड या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की त्रासदायक वागण्यातून मुलाला जे मिळतं, तेच मागायची सोपी पद्धत शिकवली की ते वागणं कमी होतं. शिक्षा न करता. मला यातली 'मागायची पद्धत' ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. नुसतं वागणं बंद करून दाखवणारा उपचार मुलाच्या हातात काहीच ठेवत नाही.

आधी अंग तपासा

हे मात्र वहीच्याही आधी. बोलता न येणाऱ्या मुलाचा कान दुखत असेल, दात किडला असेल, चार दिवस पोट साफ झालं नसेल, तर ते सांगणार कसं? डोकं आपटूनच. वागण्यात अचानक बदल झाला तर पहिला फोन बालरोगतज्ज्ञांना करा. झोप, बद्धकोष्ठता, दात, कान, आणि फिट्सची शंका असेल तर तीही. हाक मारल्यावर बघत नाही म्हणून ऑटिझम असं ठरवण्याआधी श्रवणचाचणी झालेली असली पाहिजे. लहान मुलांची ती झोपेत बेरा या तपासणीने होते.

निदानाचा कागद हातात यायची वाट बघत बसू नका. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एम-चॅट ही चाळणी असते, त्यात शंका आली की बोलण्याचं, खेळण्याचं, मागण्याचं शिकवणं सुरू करता येतं. त्याने कोणाचंही नुकसान होत नाही. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी वापरतात ती इसा ही भारतीय मोजपट्टी. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तर आणि त्यापुढे ऑटिझम. त्या आकड्यावरून मूल पुढे काय करेल याचं भविष्य काढता येत नाही, हे आम्हाला आधी कोणी सांगायला हवं होतं. आमच्या दोन महिन्यांच्या झोपा त्या एका आकड्याने उडवल्या.

जाता जाता: ऑटिझम असलेल्या मुलाला मराठीत 'स्वमग्न' म्हणतात, तो शब्द मी वापरत नाही. माझा मुलगा स्वतःत मग्न कधीच नव्हता. तो सगळं ऐकत होता, अगदी भाकरीसकट.

शिकवणं म्हणजे तुकडे करणं

नकोसं वागणं कमी करणं हा वर्तनोपचाराचा लहान भाग. मोठा भाग शिकवण्याचा आहे, आणि ते ऑटिझमपुरतंच नाही; बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम, विकासात मागे पडलेली मुलं, सगळ्यांना ते उपयोगी पडतं.

चड्डी घालणं ही आपल्या लेखी एक गोष्ट. तुकडे केले तर सहा-सात: चड्डी उचलायची, पुढची बाजू ओळखायची, एक पाय, दुसरा पाय, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेवर. शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करायची. सगळं आपण करायचं, फक्त मांडीपासून कमरेवर ओढणं त्याच्यावर सोडायचं. म्हणजे पहिल्याच दिवशी काम 'त्याने पूर्ण केलं' असं होतं. ते जमलं की गुडघ्यापासून. मागून पुढे यायचं. माझ्या मुलाला चड्डीला पाच आठवडे लागले, शर्टाच्या बटणांना दीड वर्ष. दोन्ही आज येतं.

मदत कशी द्यायची आणि कशी काढून घ्यायची, यात थेरपिस्टचं कसब दिसतं. हात धरून करून घेणं, कोपराला नुसता स्पर्श, मग बोट दाखवणं, मग नुसतं थांबून बघणं. मदत काढलीच नाही तर मूल आपल्या हाताची वाट बघत बसतं. घरी आपण हीच चूक करतो, कारण शाळेची रिक्षा दारात उभी असते.

आता बक्षीस. "तुम्ही त्याला लाच देता" हे मी नणंदेकडून, शिक्षिकेकडून, बसमधल्या अनोळखी बाईकडूनही ऐकलं आहे. लाच आणि बक्षीस यांतला फरक क्रमात आहे. मूल किंचाळायला लागलं आणि गप्प बसावं म्हणून चॉकलेट दिलं, तर ती लाच. त्यातून तो किंचाळायला शिकतो. आधी ठरलेलं, काम झाल्यावर लगेच मिळणारं, ते बक्षीस. आणि बक्षीस काय हे मूलच ठरवतं. माझ्या मुलाला चॉकलेटचं काही नाही. त्याला मागावरच्या रिकाम्या कांड्या गरागरा फिरवायला आवडायच्या. पहिली दोन वर्षं आमचा सगळा अभ्यास एका पिशवीभर कांड्यांवर चालला.

एक धोक्याची गोष्ट. जे वागणं इतके दिवस उपयोगी पडत होतं ते अचानक उपयोगी पडेनासं झालं, की आधी ते वाढतं. दिवा विझण्यापूर्वी मोठा होतो, तसं. दुकानात खाऊसाठी रडणारं मूल पहिल्या 'नाही'ला दहा मिनिटं रडत असेल, तर तिसऱ्या दिवशी पंचवीस मिनिटं रडू शकतं. नेमकं त्याच वेळी आपण हरलो आणि खाऊ दिला, तर मोठ्याने रडणं शिकवलं. पण मूल स्वतःला इजा करत असेल तर 'दुर्लक्ष करा' हा सल्ला घरच्या घरी अजिबात वापरू नका. तिथे जाणकार माणूस समोर हवा.

ज्याबद्दल सेंटर बोलत नाहीत

वर्तनोपचाराचा इतिहास सगळा गोड नाही, आणि पालकांनी तो माहीत करूनच आत जावं असं मला मनापासून वाटतं.

कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ इवार लोव्हास यांनी १९८७ साली एक अभ्यास छापला. एकोणीस लहान मुलं, आठवड्याला चाळीस तासांच्या आसपास उपचार, दोन वर्षं आणि त्याहून जास्त. त्यांतली नऊ मुलं साध्या शाळेत पहिलीत गेली. या एका आकड्यावर जगभर एबीए सेंटरं उभी राहिली. त्या अभ्यासात कोणत्या मुलाला हा उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, हे फार थोडे सांगतात. आणि याच लोव्हास यांनी साठच्या दशकात मुलांवर विजेचे झटके वापरले होते, १९८७ च्या अभ्यासातही ओरडणं आणि मांडीवर चापट हे होतं.

ही मुलं मोठी झाली. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या कित्येक ऑटिस्टिक माणसांनी लिहून ठेवलं आहे की आम्हाला हात हलवायला बंदी केली, जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावलं, आम्ही इतरांसारखे दिसावं म्हणून तासन्‌तास दमवलं. ते वाचून मी रात्रभर जागी होते. कारण 'लूक अॅट मी' हा पाठ माझ्या मुलाकडूनही एका सेंटरमध्ये करून घेतला गेला होता, हनुवटी धरून. मी काचेच्या बाहेर बसून बघत होते आणि हे असंच असतं असं समजत होते. सहा महिन्यांनी आम्ही ते सेंटर सोडलं.

तेव्हापासून हे शास्त्र बदललंही आहे. सॅली रॉजर्स आणि जेराल्डीन डॉसन यांची अर्ली स्टार्ट डेन्व्हर ही पद्धत घ्या. त्यात टेबल-खुर्ची नाही. खेळ, जेवण, अंघोळ चालू असतानाच, मुलाला ज्यात गोडी आहे ते धरून शिकवतात. आणि तासांचं म्हणाल, तर २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या मोठ्या विश्लेषणात जास्त तास म्हणजे जास्त प्रगती असा भक्कम पुरावा सापडला नाही. तेव्हा "आठवड्याला तीस तास नाही केलेत तर वेळ निघून जाईल" असं कोणी भीती घालून पॅकेज विकत असेल, तर उठून या. दागिने मोडून तास विकत घेतलेली घरं मी पाहिली आहेत.

मी आता कुठेही गेले तर चार गोष्टी बघते. मला आत बसू देतात का? हात हलवण्यासारखी कोणालाही त्रास न देणारी सवय मोडायला बघतात का? जेवण किंवा पाणी बक्षीस म्हणून अडवून धरतात का? आणि माझा मुलगा 'नको' म्हणाला, शब्दाने, खुणेने, पाठ फिरवून, तर त्याचं काय होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाईट असेल तर बाकीचं बघायची गरज उरत नाही. ज्या मुलाला कोणीही काहीही सांगितलं की ऐकायचं एवढंच शिकवलं, ते मूल उद्या बाहेरच्या जगात किती असुरक्षित असेल याचा विचार करा.

कुणाकडे जायचं

'बिहेवियर थेरपिस्ट' अशी पाटी लावणारा प्रत्येक जण नीट शिकलेलाच असतो असं नाही. म्हणून माणूस तपासून घ्यावा लागतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. रोज मुलाबरोबर बसणारी मुलगी कोण, तिचं प्रशिक्षण काय आणि तिच्यावर देखरेख कोण करतं, हेही विचारा. पाटीवर नाव एकाचं आणि शिकवणारं दुसरंच, असं फार होतं.

पैसे नसतील तर सुरुवात सरकारी दारात करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली, बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात. अंगणवाडीताई किंवा शाळा तपासणीचं पथक तिथे पाठवतं, आपण थेटही जाऊ शकतो. मुंबईत २००१ पासून 'उमीद' आणि गोव्यात 'सेतू' या संस्था मुलांच्या विकासावर काम करतात.

गोव्याचं नाव निघालं म्हणून मुद्दाम सांगते. तिथे आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. दोन ते नऊ वर्षांची ६५ ऑटिस्टिक मुलं. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक घरी जायचे, आईबापांचा मुलाबरोबर खेळतानाचा व्हिडिओ काढायचे आणि तोच त्यांना दाखवून, मूल कुठे बघतंय, तुम्ही कधी थांबायला हवं होतं, हे सांगायचे. सहा महिन्यांत बारा भेटी. आईबाप मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. मुलाला शिकवणारं सगळ्यात जवळचं माणूस घरातच असतं, आणि त्याला शिकवता येतं.

घरात मराठीच बोला

माझा सगळ्यात मोठा पश्चात्ताप इथे आहे. "गोंधळ नको, एकच भाषा, इंग्रजी" असं आम्हाला एका ठिकाणी सांगितलं गेलं. आम्ही वर्षभर घरात मोडकं इंग्रजी बोललो. सासूबाई त्याच्याशी बोलायच्याच बंद झाल्या. जी बाई त्याच्यासाठी दिवसातून दहा वेळा उठायची, ती गप्प झाली. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं याला संशोधनात आधार नाही. ज्या भाषेत तुम्ही गाता, रागावता, अंगाई म्हणता, तीच त्याची पहिली भाषा. ये, दे, पुरे, नको, आणखी. हे पाच शब्द इंग्रजीइतकेच छोटे आहेत. कार्डांवर, फोटोंवर देवनागरीत लिहा. बोलत नसलेल्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत अॅप आहे, त्यात मराठी आहे. चित्रं-अॅप दिल्याने मूल बोलायचं थांबत नाही. कित्येकांचं बोलणं त्यानेच वाढतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही आहेत, तेव्हा युडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र काढून ठेवा. त्यावर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. जुन्या करप्रणालीत पालकांना ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाला सव्वा लाखाची. आणि स्टेम सेलने ऑटिझम बरा करून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारांत स्टेम सेल नोंदणीकृत चाचणीबाहेर देता येत नाहीत.

पहिल्या भेटीला जाताना तीन गोष्टी न्या. वहीची पानं, सगळं लिहिलेलं नको, एकच वागणं निवडा, जे घराला सगळ्यात जास्त छळतं ते. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे दोन व्हिडिओ, एक त्रासाच्या वेळचा आणि एक तो आनंदात असतानाचा. आणि एका कागदावर त्याला आवडणाऱ्या निदान दहा गोष्टी: पंखा, पाऊस, आजोबांची काठी, पापड मोडल्याचा आवाज, जे असेल ते. मॅडमनी माझ्याकडे हा कागद मागितला तेव्हा मला तीनच सुचल्या होत्या. मला वाईट वाटलं. त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाल्या, घरी जाऊन आधी हा भरा, त्याच्यामागे हिंडा, मग या.